स्वेटर अंकल आणि तिसरा हात

दुबईत जुलै महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तेव्हा आमच्या करामा भागात ऊन असं असायचं की कबुतरं उडायची नाहीत, भिंतीच्या सावलीतून पायी जायची. आमच्या वॉचमनने एकदा गाडीच्या बॉनेटवर ऑम्लेट केलं असं लोक सांगतात. साफ खोटं आहे. त्याने डोसा केला होता आणि त्यातला अर्धा मी खाल्ला होता. अशा उन्हात दुपारी हॉटेलची बस कोपऱ्यावर थांबायची आणि तिच्यातून मरून रंगाचा फुल बाह्यांचा स्वेटर घातलेला, खिशातून माकडटोपी डोकावणारा एक बुटका माणूस काश्मीरला उतरल्यासारखा उतरायचा. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव स्वेटर अंकल ठेवलं. खरं नाव सायमन होतं, पण ते बहुतेक पासपोर्टलाच माहीत असावं.

अंकल मूळचे वसईचे. एका मोठ्या हॉटेलात ते बर्फ कोरायचे. बुफेच्या टेबलावर मधोमध बर्फाचा हंस किंवा मासा उभा असतो ना, तो करणारा माणूस. दिवसभर कोल्ड रूममध्ये छिन्नी चालवायची, त्यामुळे थंडी त्यांच्या हाडात मुरली होती आणि बाहेर आल्यावर दोन तास तरी ती निघायची नाही. एका लग्नात त्यांनी बर्फाचा उंट केला, तेव्हा पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात फिरवून, दात तपासून भाव विचारला होता. मी तिथे नव्हतो, पण विचारला असणारच. असा उंट पहाटेपर्यंत ट्रेमध्ये पाणी होऊन पडायचा. मी एकदा म्हटलं, अंकल, एवढी मेहनत आणि सकाळी गटारात, वाईट नाही वाटत? तर ते म्हणाले, "वितळलाच पाहिजे, जाधवसर. नाही वितळला तर उद्या मला कोण बोलावणार?"

त्यांच्या लेखी सगळं जग एक तर सर होतं, नाही तर मॅम. हॉटेलात तीस वर्षं काढल्यावर जीभ तशीच वळते. वॉचमन सर, भाजीवाला सर, आमचं चार वर्षांचं कार्टं सर. आमच्या हिला तर पहिल्या दिवशी "मॅम, युअर वॉशिंग मशीन इज लीकिंग, मॅम" असं इतक्या अदबीने म्हणाले की हिने घरातली सगळी माणसं तराजूत घालून पाहिली आणि मला नापास केलं.

त्यांची स्वतःची जागा म्हणजे एका खोलीतली एक खाट. बाकीच्या खाटांवर हॉटेलचेच आचारी घोरायचे. त्यामुळे अंकलचा जो काही उद्योग चालायचा तो आमच्या हॉलमध्ये. आणि त्यांचा उद्योग होता बर्फाचे दिवस. म्हणजे असं, की बाहेर पन्नास डिग्री, शाळांना सुट्टी, जी पोरं इंडियात गेली नाहीत ती घरात कोंडलेली. अंकल यायचे, पडदे ओढायचे, एसी तळाला न्यायचे आणि जाहीर करायचे की बाहेर कमरेएवढा बर्फ पडलाय, शाळा बंद, दार उघडत नाही, आता घरात जे आहे त्यातून काहीतरी बनवायचं. पोरं कपाटातले स्वेटर काढून बसायची. आमच्या घरात जुलैमध्ये नाकं गळायची.

नियम कडक. बाहेरून काही आणायचं नाही. खालचा मल्याळी किराणावाला एका फोनवर गोंद काय, गोंदाचं झाड पाठवेल, पण नाही. "दुकान कसं उघडं असेल सर? बर्फ पडलाय." अंड्यांच्या ट्रेचे पेंग्विन झाले. जॅमच्या बाटलीत पाणी भरून आत बर्फ भुरभुरणारं गाव झालं. त्या गावातल्या बर्फासाठी आधी मीठ टाकलं, ते विरघळलं. मग सुकं खोबरं टाकलं आणि चौथ्या दिवशी बाटली उघडली तेव्हा समोरचं कुटुंब शारजाला राहायला गेलं. शेवटी अंड्याची टरफलं कुटून टाकली, ती बसली. मी एकदा बर्फाच्या माणसाला नारळाच्या शेंड्यांची दाढी सुचवली, तर अंकलनी लगेच विचारलं, "तिकडे मिळतं का?" तिकडे म्हणजे कॅनडात. जे इथल्या आणि तिथल्या, दोन्ही घरांत सापडेल तेच चालायचं.

कॅनडात त्यांची मुलगी होती, शेरॉन, आणि नात मिया. तिकडे खरोखरीचा बर्फ पडून शाळा बंद झाली की अंकल मियाला व्हिडिओ कॉलवर काहीतरी करायला शिकवायचे. आमची पोरं म्हणजे त्याची रंगीत तालीम. इथवर मला कळलं होतं. कळत नव्हती ती त्यांची परीक्षा घेण्याची तऱ्हा.

पहिल्याच उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोरीने कागद घड्या घालून कापला आणि उलगडून सहा पाकळ्यांचं सुंदर हिमफूल काढलं. नाचत आली. "अंकल, आय डिड इट ऑल बाय मायसेल्फ." अंकल म्हणाले, "व्हेरी गुड, मॅम." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "फेल."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण पुढे तेच. पांढऱ्या मोज्यात तांदूळ भरून, वर रबरबँड लावून आमच्या कार्ट्याने बर्फाचा माणूस केला. आमच्या हिचे दोन किलो बासमती त्यात गेले. एकट्याने केला म्हणून तोही फेल. मग अंकलनी रबरबँड काढून टाकला आणि त्याची मान दोऱ्याने बांधायला लावली. आता एकाने मोजा घट्ट पिळून धरल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येईना. पोर रडकुंडीला येऊन "मम्मी, होल्ड धिस" म्हणून ओरडलं, तेव्हा कुठे अंकलचा चेहरा खुलला. पास.

मी म्हटलं, अंकल, सोपं शिकवायचं म्हणता आणि मध्येच पोरांना अडकवता, हा काय प्रकार? त्यांनी मोजा खाली ठेवला.

"सोपंच पाहिजे, सर. फक्त एका जागी अडलं पाहिजे. मियाला हात दोन. तिसरा हात कुठून येणार?"

तेवढ्यावर मला सगळं समजलं असं मी सांगू शकतो, कारण तुम्ही तिथे नव्हता. पण समजलं ते पुढच्या जानेवारीत.

शेरॉन वडिलांशी बोलत नव्हती. भांडण असं नव्हतं. सणाला मेसेज यायचा, मेडिकल तपासणीचं काय ते विचारायची, मियाला फोन हातात द्यायची आणि बाजूला व्हायची. तिचं सगळं लहानपण वसईत आईबरोबर गेलं. बाप दोन वर्षांनी एकदा यायचा आणि महिन्याभराने जायचा. तरी तेही तिने चालवून घेतलं असतं. पण तिची आई गेली ती नाताळानंतर लगेच, आणि अंकल वर्षअखेरच्या बुफेचं कोरीवकाम संपवून निघाले. पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. हॉटेलवाल्यांनी अडवलं होतं का, असं मी विचारलं. अंकल खोटं बोलू शकले असते. म्हणाले, नाही, जा म्हणाले होते, मीच म्हटलं एवढं पुरं करतो. हातात घेतलेलं अर्धवट टाकून जाणं त्यांना कधी जमलं नव्हतं. अंकल ही गोष्ट सांगताना समोर बघायचे नाहीत.

इथे व्हिडिओ कॉलला वेगळं ॲप लागतं आणि ते अंकलच्या फोनवर चालायचं नाही, म्हणून फोन माझा आणि धरायचा मी. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. जानेवारी लागला की अंकल दर अर्ध्या तासाने त्या गावचं हवामान बघायचे. तिकडे वादळाचा इशारा आला की त्यांच्या चेहऱ्यावर बोनस मिळाल्यासारखा उजेड. कॅनडातली माणसं फावडी घेऊन रस्ते मोकळे करत असतील आणि इकडे वाळवंटातल्या चर्चमध्ये एक माणूस मेणबत्ती लावून आणखी थोडा पडू दे म्हणत होता. बर्फ जास्त पडला की मियाची शाळा बंद, शेरॉनचं ऑफिसही घरूनच. जावई ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. म्हणजे घरात दोघीच.

कॉल लागायचा. "गुड मॉर्निंग, मॅम." मिया हसायची. मग मोजा, तांदूळ, दोरा. मिया इंग्रजीत, अंकल हॉटेलच्या इंग्रजीत. आणि ती ठरलेली जागा यायची. मियाचे दोन्ही हात गुंतलेले, गाठ सुटतेय, ती "मॉम" म्हणून हाक मारायची. अंकलची बोटं इकडे थांबायची. आणि पडद्याच्या कडेने एक हात आत यायचा. नुसता हात, कोपरापर्यंत. मोजा धरायचा, गाठ बसली की जायचा.

कॉल संपला की अंकल मला विचारायचे, "नीट दिसला ना?" जणू मी चंद्र बघून आलो होतो. मग त्या हाताचं वाचन चालायचं. एखादा डॉक्टर एक्स-रे समोर धरून एवढं सांगणार नाही. मनगट बारीक झालंय, जेवत नाही वेळेवर. नखाशी कणीक होती, म्हणजे चपात्या करते अजून. घड्याळ आईचं आहे. हे शेवटचं सांगून ते स्वेटरची बटणं लावू लागले. स्वेटरला बटणं नव्हती.

पुढची वर्षं अंकल या एका गोष्टीसाठी जगले असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, आणि ती मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पण हात किती वेळ थांबेल यासाठी त्यांनी जी कारस्थानं केली ती पाहून राजकारणातल्या माणसांनी शिकवणी लावली असती. गाठ लगेच बसते, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं घर काढलं. सीरियलच्या खोक्याच्या भिंती, वर कापसाचा बर्फ. छप्पर चिकटेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून धरावं लागतं. मिया म्हणाली, माझ्याकडे सुपर ग्लू आहे. अंकल घाबरले. म्हणाले, नो मॅम, डेंजरस मॅम, आपण मैद्याची खळ करायची. खळ वाळायला किती वेळ लागतो हे ज्याने लहानपणी नाताळचे कंदील चिकटवलेत त्याला माहीत असतं. त्यातून ती त्यांनी मुद्दाम पातळ करायला लावली.

त्या दिवशी हात आला आणि छपरावर राहिला. अंकल म्हणाले, काउंट टू हंड्रेड, मॅम. मिया मोजू लागली. चाळीसच्या आसपास कुठेतरी, फ्रेमच्या बाहेरून, मराठीत आवाज आला.

"पापा, जेवलात?"

अंकल ताठ उभे राहिले, बुफेच्या मागे उभे राहतात तसे, आणि म्हणाले, "येस, मॅम."

मिया खिदळली. आवाज पुन्हा आला नाही. शंभर झाले, हात गेला.

त्यानंतर अंकल आमच्या सोफ्यावर बसून राहिले. हिने चहा दिला, तो तसाच. "इतक्या वर्षांनी पोरगी आपणहून बोलली," ते म्हणाले, "आणि मी तिला मॅम बोललो." मी हसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, अंकल, तिला कळलं असेल, सवय आहे तुमची. ते म्हणाले, "तेच तर. सवय हॉटेलची आहे. तिची नाही."

पुढच्या बर्फाला ते तयारीत होते. काय बोलायचं ते घोकून आले होते: शेरॉन बाळा, तू जेवलीस का. एवढंच. पण आपण शिकवलं की पोरं शिकतात, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. मिया वाढली होती. चर्चचा मनोरा करायचा होता, चारही बाजू एकदम धराव्या लागणार, दोन हातांत शक्यच नाही अशी योजना. आमच्या इमारतीतली पोरं जुलैमध्ये त्यात सपशेल अडली होती. ठरलेली जागा आली. अंकल फोनकडे वाकले. मियाने जीभ बाहेर काढून थोडा विचार केला, उठली, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि चारही कोपऱ्यांना लावले.

"सी, ग्रँडपा? आय डोन्ट नीड मॉम."

मनोरा उभा राहिला. सुरेख झाला होता. अंकल म्हणाले, "व्हेरी गुड, मॅम," आणि खरोखर टाळ्या वाजवल्या. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "पास झाली." त्या दोन शब्दांत काय होतं ते सांगायला मला माझी नेहमीची रंगवायची पद्धत उपयोगाची नाही.

त्यानंतर एकदोन हिवाळे कॉल झाले, पण हात आला नाही. मग मियाला मैत्रिणी झाल्या, बर्फात ती घसरगाडी घेऊन बाहेर जाऊ लागली. अंकलचं वय झालं, व्हिसा संपला. इथे काम संपलं की माणसाचा मुक्काम संपतो, त्यात कुणाचा राग नसतो. निरोपाला इमारतीतली पोरं आली, काही तर दाढीमिशांची झाली होती. विमानतळावर सोडताना मी म्हटलं, आता वसईत व्हिडिओ कॉल सरळ लागतो. मधे मी नाही, मिया नाही. सरळ शेरॉनला लावा आणि बोला.

"काय बोलू, सर? हातात काम नसलं की मला बोलता येत नाही."

मी म्हटलं, नाही सुचलं तर न बोलता फोन धरून बसा. ते हसले. यल्ला, चला, म्हणाले आणि ट्रॉली ढकलत गेले. त्यांनी लावला नाही. दर महिन्याला मी विचारायचो, दर महिन्याला ते पुढच्या महिन्यावर ढकलायचे.

मग वसईहून शेजाऱ्यांचा फोन आला. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

शेरॉन कॅनडाहून निघाली. विमान दुबईत बदलायचं होतं आणि मधे अख्खी दुपार होती. मी तिला घरी आणलं. इतकी वर्षं जिचा फक्त कोपरापर्यंत हात पाहिला ती पूर्ण बाई आमच्या हॉलमध्ये येऊन उभी राहिली, तर मला ओळख पटायला वेळ लागला. तिला लागला नाही. पडद्याकडे बघून म्हणाली, "हाच तो पडदा." चहा घेताना मी तिला सांगितलं. तिसऱ्या हाताचं, नापास झालेल्या पोरांचं, पातळ खळीचं. वाटलं होतं, तिला धक्का बसेल.

"माहीत होतं, जाधव अंकल," ती म्हणाली. "एवढाले हंस उभे करणाऱ्या माणसाला मोज्याची गाठ जमत नाही होय?"

मी विचारलं, मग समोर का नाही बसलीस?

तिने कप खाली ठेवला. "लहानपणी पापा यायचे ना, तेव्हा बाकीची पोरं बॅग उघडायला धावतात. मी उघडू द्यायचे नाही. उघडली की संपायचं, मग ते जायचेच. मला वाटायचं, मी एकदा समोर बसले की यांचं काम झालं. पुढच्या बर्फाला काही नवीन आणणार नाहीत." मग म्हणाली, "राग होता. तो पण होता. पण दर वेळी मी मनात म्हणायचे, पुढच्या बर्फाला बसू. मग मियाने चिमटे लावले. मी दारातच उभी होते, समोर यायला निघालेच होते."

आमची ही आत गेली आणि तिने उगाच नळ सोडला.

शेरॉन वसईला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिने धरला होता. अंकल खाटेवर, उशीला टेकून, खूप लहान झालेले. मला बघून डावा हात थोडा उचलला. मी माझ्या परीने गमतीजमती सांगितल्या, कबुतरं आता छत्री घेऊन फिरतात वगैरे. ऐकतायत की नाही, कळेना. मग त्यांनी पांघरुणावरचा औषधाच्या डब्याचा कागद डाव्या हाताने ओढला आणि मांडीवर ठेवून घडी घालू लागले. एक घडी कशीबशी पडली. दुसरी घालताना कागद उलगडला. पुन्हा घातली, पुन्हा उलगडला. मग ते थांबले आणि वर पाहिलं.

फोनच्या मागून शेरॉनचा हात आला आणि तिने कागदाची कड दाबून धरली.

अंकलनी पुढची घडी घातली नाही. कड धरलेली होती, कागद तयार होता, त्यांचा हात मोकळा होता, पण त्यांनी तो तिच्या हाताशेजारी नुसता ठेवून दिला. फोन तिच्या हातात होता म्हणून ती मला दिसत नव्हती. कॉल किती वेळ चालला कुणास ठाऊक.

त्या माणसाची सगळी लबाडी मला पाठ होती. सोप्या कामात अडायची जागा ते कुठे पेरतात, हे मी लांबून सांगू शकायचो. त्या दिवशी कागद खरंच उलगडत होता की त्यांनी उलगडू दिला, हे मात्र मला सांगता येत नाही. मुद्दामच असेल, असं मी सगळ्यांना सांगतो, रंगवून सांगतो. पण त्यांचा डावा हात फार थरथरत होता.